परसबागेतला लसूण: दसऱ्याला लावावा, होळीला काढावा

घराच्या परसबागेत मेथी, कोथिंबीर, पालक, मिरची यांना हमखास जागा मिळते. लसणाच्या वाट्याला मात्र ती क्वचितच येते. बाजारात तो बारमाही मिळतो, त्याचे पीक हाती यायला चार-साडेचार महिने लागतात, आणि ज्यांनी कधीतरी हौसेने कुंडीत चार पाकळ्या टोकून पाहिल्या आहेत त्यांच्या हाती बहुधा नुसती पातच लागलेली असते. या अनुभवामुळे ‘आपल्याकडे घरी लसूण होत नाही’ असा समज पक्का होतो. तो समज चुकीचा आहे. नाशिक, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांतले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या लसणाचे पीक घेत आले आहेत, आणि त्यांच्या शेतावर जे ऊन आणि जी थंडी पडते तीच आपल्या अंगणातही पडते. योग्य बियाणे योग्य वेळी लावले तर पुढची निगा मिरची-टोमॅटोपेक्षाही सोपी आहे. बियाणे आणि वेळ यांपैकी एक जरी चुकले, तर नंतर घातलेले कोणतेही खत ती चूक भरून काढू शकत नाही.

मी स्वतः पहिल्या वर्षी या दोन्ही चुका एकदमच केल्या. दुकानात मांडलेले पांढरेशुभ्र, मुठीएवढे, जेमतेम दहा-बारा जाड पाकळ्यांचे गड्डे पाहून मला मोह झाला. असे बी लावले तर पीकही तसेच येईल, असे मी धरून चाललो आणि डिसेंबरच्या मध्यावर वाफा लावला. उगवण उत्तम झाली. पात तर अशी रुंद आणि तजेलदार आली की येणाऱ्या-जाणाऱ्याने थांबून पाहावे. मार्चअखेरीस खुरप्याने पहिले रोप उकरले, तेव्हा खाली गड्डा नव्हताच. कांद्याच्या पातीसारखा जाड, पांढरा दांडा आणि त्याच्या बुडाशी किंचित फुगवटा, एवढेच होते. सगळ्या वाफ्याची हीच गत होती. खत, पाणी, माती यांत काहीही कमी पडले नव्हते. असे का झाले हे समजून घेतल्यावर मात्र लसणाचे सगळे वेळापत्रकच माझ्या ध्यानात आले, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

गड्डा केव्हा धरतो

लसणाचे आयुष्य दोन टप्प्यांचे असते. पहिल्या टप्प्यात तो फक्त मुळे आणि पाने करतो. दुसऱ्या टप्प्यात पानांच्या बेचक्यात, जमिनीखाली, लहान लहान डोळे फुगू लागतात आणि त्यांच्याच पाकळ्या होतात. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात जाण्याचा इशारा रोपाला दोन गोष्टींकडून मिळतो: आधी काही आठवडे अंगावर आलेली थंडी, आणि त्यानंतर हळूहळू मोठा होत जाणारा दिवस व वाढती ऊब. हा इशारा मिळेपर्यंत रोपाने जितकी पाने केलेली असतील तितके अन्न त्याला गड्डा पोसायला मिळते. म्हणून लवकर लावलेल्या रोपाला अंग धरायला वेळ मिळतो. उशिरा लावलेले रोप चार-पाच पानांवर असतानाच फेब्रुवारीचे ऊन चटकू लागते आणि जेवढे जमेल तेवढे पोसून ते आटोपते घेते. सुपारीएवढे गड्डे निघतात ते यामुळे. कधीकधी तर पाकळ्या सुट्या न होता एकच गोल कळी तयार होते. पाकळी फार बारीक होती किंवा लागवडीला उशीर झाला होता, असे ती कळी सांगत असते.

बियाण्याचा प्रश्नही इथेच येतो. प्रत्येक जातीला गड्डा धरण्यासाठी किती मोठा दिवस लागतो हे ठरलेले असते. पुण्याकडे डिसेंबरात दिवस सुमारे 11 तासांचा असतो आणि ऐन जूनमध्येही तो तेरा तासांच्या फार पुढे जात नाही. हिमाचल किंवा काश्मीरमध्ये उन्हाळ्यात दिवस चौदा तासांच्या घरात जातो, आणि तिथल्या जाड पाकळीच्या डोंगरी जाती त्याच दिवसाची वाट पाहणाऱ्या आहेत. ‘अॅग्रीफाउंड पार्वती’ ही अशीच, डोंगराळ भागासाठी शिफारस केलेली जात आहे. ती महाराष्ट्राच्या पठारावर लावली तर पात भरपूर देईल, पण गड्डा धरण्याचा इशारा तिला मिळणारच नाही. माझ्या पहिल्या वाफ्याचे नेमके हेच झाले होते. दुकानातला दिसायला उत्तम असलेला गड्डा खाण्यासाठी जरूर घ्यावा. बियाण्यासाठी मात्र तो कुठून आला हे कळल्याशिवाय घेऊ नये.

आपल्याकडे खात्रीने येणाऱ्या जाती अनेक आहेत. राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या ‘भीमा ओंकार’ (पांढरी) आणि ‘भीमा पर्पल’ (जांभळट सालीची), राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘गोदावरी’, ‘श्वेता’ आणि ‘फुले बसवंत’, तसेच ‘यमुना सफेद’ आणि ‘अॅग्रीफाउंड व्हाईट’ या जाती रब्बीत चांगल्या येतात. यातले काही मिळाले तर उत्तम. न मिळाल्यास जवळच्या आठवडी बाजारात जी शेतकरी बाई स्वतःच्या शेतातला गावठी लसूण घेऊन बसते, तिच्याकडून पाव किलो घ्यावा आणि ‘हा तुमच्या शेतातला आहे का, आणि केव्हा काढला?’ एवढे विचारून घ्यावे. गावठी लसणाच्या पाकळ्या बारीक असतात, सोलायला वेळ लागतो, पण तो आपल्या हवेत मुरलेला असतो आणि त्याचा उग्रपणा ठेच्याला जी चव आणतो ती जाड पाकळीच्या लसणाला येत नाही.

आता वेळ. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लागवड उरकावी. मी घरगुती हिशेब असा ठेवतो की दसरा झाला की वाफा तयार करायचा आणि दिवाळीच्या फराळाची गडबड सुरू होण्यापूर्वी पाकळ्या मातीत गेलेल्या असायच्या. मग होळीच्या आगेमागे काढणी येते. सप्टेंबरात घाई करू नये, कारण परतीचा पाऊस अंगावर आला तर पाकळ्या कुजतात. डिसेंबरात लावायचाच असेल तर तो पातीसाठी लावावा. मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि पश्चिम महाराष्ट्र येथे थंडी कोरडी आणि पुरेशी असल्याने गड्डा चांगला पोसतो. मुंबई, कोकणपट्टी आणि गोवा येथे हवा दमट आणि थंडी जुजबी, त्यामुळे गड्डे लहान राहतात. तिथल्या वाचकांनी मन खट्टू न करता पातीच्या लसणाकडे वळावे, त्याविषयी पुढे लिहिले आहे. आणि जे मराठी कुटुंब युरोपात किंवा अमेरिकेच्या थंड भागात राहते, त्यांनी इथून पाकळ्या नेण्याचा विचारही करू नये. तिथला दिवस आणि तिथली थंडी वेगळी असल्याने तिथल्याच जाती तिथल्या शिशिरापूर्वी लावाव्यात आणि उन्हाळ्यात काढाव्यात.

जागा आणि माती

लसणाला दिवसातून किमान सहा तास ऊन लागते. आंब्याच्या किंवा शेजारच्या इमारतीच्या सावलीत तो जगतो, पण पोसत नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे जी जागा मे महिन्यात उन्हात असते ती डिसेंबरात भिंतीच्या सावलीत गेलेली असू शकते. लागवडीआधी एक दिवस सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशी तीनदा ऊन कुठवर येते ते पाहून घ्यावे.

माती भुसभुशीत आणि पाण्याचा निचरा करणारी हवी. गड्डा मातीच्या आत फुगणार आहे, तेव्हा माती आवळून बसणारी असेल तर तो वेडावाकडा होतो. काळी भारी जमीन भिजली की चिकट होते आणि वाळली की भेगाळते. तिच्यात चाळलेले शेणखत, थोडी वाळू किंवा भाताचे तूस मिसळावे आणि वाफा जमिनीपासून वीतभर उंच करावा. मुरमाड माती असल्यास खडे वेचून खताचे प्रमाण वाढवावे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद वाफ्याला तीन किलोच्या आसपास चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड पुरते. शेणखत कच्चे असेल तर त्यातून हुमणी आणि वाळवी येते, शिवाय बुरशीला आयते घर मिळते. हातात घेतल्यावर त्याला शेणाचा वास न येता पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास आला पाहिजे.

ज्या वाफ्यात गेल्या वर्षी कांदा किंवा लसूण होता तिथे लसूण लावू नये. दोघांचे रोग एकच आहेत आणि त्यांचे बीज मातीत टिकून राहते. शक्य असल्यास तीन वर्षे तरी जागा बदलत राहावे. पावसाळ्यात भेंडी, चवळी किंवा काकडीवर्गातली भाजी घेतलेली जागा उत्तम.

गच्चीवर किंवा बाल्कनीत लावणाऱ्यांनी खोलीपेक्षा रुंदीकडे पाहावे. लसणाची मुळे वरच्या थरातच पसरतात, म्हणून वीतभर खोलीची पसरट कुंडी, जुने टब किंवा फळांचे क्रेट पुरेसे होते. एक फूट व्यासाच्या कुंडीत सात-आठ रोपे बसतात. दोन भाग बागेतली माती, एक भाग गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट असे मिश्रण चालते. नुसत्या कोकोपीटमध्ये मात्र लावू नये. ते वरून कोरडे दिसते आणि खाली पाणी धरून ठेवते, आणि तिथेच पाकळीचे बूड सडते.

पाकळी निवडणे आणि टोकणे

गड्डा लागवडीच्या दिवशी किंवा फार तर आदल्या संध्याकाळी फोडावा. फोडून आठवडाभर ठेवलेल्या पाकळ्या सुकतात आणि त्यांची उगवण मागेपुढे होते. फोडताना पाकळीवरचा पातळ पापुद्रा काढू नये आणि तिच्या बुडाशी जी चपटी, खरबरीत चकती असते तिला धक्का लावू नये, कारण मुळे तिथूनच फुटणार असतात. बाहेरच्या कड्यातल्या जाड, टणक, सरळ पाकळ्या बियाण्याला घ्याव्यात. आतल्या चिपाडासारख्या बारीक पाकळ्या, पोकळ लागणाऱ्या, तपकिरी डाग असलेल्या किंवा निळसर-काळी बुरशी धरलेल्या पाकळ्या बाजूला काढाव्यात. मोठ्या पाकळीचा मोठा गड्डा होतो, हा नियम लसणाच्या बाबतीत जवळजवळ अपवाद सोडून खरा ठरतो. निवड करताना कंजुषी करून वाफा भरण्यापेक्षा थोडा वाफा रिकामा राहिलेला बरा. एक चौरस मीटरला शंभर ते दीडशे ग्रॅम निवडक पाकळ्या लागतात.

बी उगवायला तयार आहे की नाही हे ओळखण्याची एक युक्ती आहे. लसूण काढल्यानंतर काही महिने झोपलेला असतो आणि त्या काळात लावला तर लवकर उगवत नाही. गड्ड्यातली एक पाकळी घेऊन ती उभी, टोकापासून बुडापर्यंत, धारदार सुरीने चिरावी. मधोमध फिकट पिवळा किंवा हिरवा कोंब दिसेल. तो पाकळीच्या अर्ध्या लांबीच्या पुढे आलेला असेल तर बी जागे झाले आहे आणि दहा दिवसांच्या आत जमिनीवर दिसेल. तो बुडाशी टिंबाएवढाच असेल तर आणखी काही दिवस थांबावे. मार्चमध्ये काढलेला लसूण ऑक्टोबरपर्यंत आपोआप तयार होतो, त्यामुळे घरचे बी असणाऱ्यांना ही चिंता नसते.

लावण्यापूर्वी पाकळ्या अर्धा तास ट्रायकोडर्माच्या, म्हणजे रोगट बुरशीला रोखणाऱ्या उपयुक्त बुरशीच्या, पाण्यात (एक लिटरला पाच ग्रॅम भुकटी) बुडवून सावलीत निथळून घेतल्या तर सुरुवातीची सड बरीच टळते. वाफ्याला आदल्या दिवशी पाणी देऊन ठेवावे, म्हणजे लावताना वाफसा असतो: माती हाताला ओलसर लागते, मुठीत दाबली तर गोळा होतो, आणि तो गोळा बोटाने टोचल्यावर फुटतो. अशा मातीत दोरी लावून दहा-बारा सेंटिमीटरवर ओळी आखाव्यात आणि ओळीत चार बोटांच्या, म्हणजे सात ते दहा सेंटिमीटरच्या अंतरावर पाकळ्या टोकाव्यात. टोक वर आणि बूड खाली, हे कितीही घाईत असले तरी पाळावे. उलटी लागलेली पाकळीही उगवते, पण तिचा कोंब खालून वळसा घेऊन वर येतो, मान वाकडी होते आणि गड्डाही एका अंगाला फुगतो. बोटाचे एक पेर मातीत जाईल एवढेच भोक करावे, पाकळी त्यात उभी ठेवावी आणि वर दोन सेंटिमीटर माती लोटावी. पाकळी बोटाने दाबून खुपसू नये. कठीण मातीवर घासून तिची चकती सोलवटते आणि मुळे फुटताना पाकळी स्वतःच वर उचलली जाते. माझ्या वाफ्यात पूर्वी दर वर्षी दहा-पंधरा पाकळ्या चौथ्या दिवशी मातीवर पडलेल्या दिसत, आणि मी त्याचा दोष चिमण्यांना देत असे. आधी भोक, मग पाकळी, हा क्रम धरल्यापासून तो प्रकार थांबला.

लागवड होताच झारीने हलके पाणी द्यावे आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणीचे, म्हणजे लागवडीनंतरचे दुसरे, पाणी द्यावे. वरून वाळलेले गवत, उसाचे पाचट किंवा बारीक केलेला पालापाचोळा बोटभर जाडीचा पसरावा. आच्छादनाने तण दबते, ओल टिकते आणि दुपारी तापणारी माती गार राहते. सात ते दहा दिवसांत त्या पाचटातून हिरव्या सुया वर येऊ लागतात. पंधराव्या दिवशी जिथे काहीच आले नसेल तिथे राखून ठेवलेल्या पाकळीने नांगी भरून घ्यावी. त्यानंतर भरलेली रोपे मागे पडतात.

पाणी, खत आणि तण

लसूण बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण पाणी आहे, आणि घरच्या बागेत ते बहुधा जास्तीचे पाणी असते. रोज संध्याकाळी सगळ्या कुंड्यांना सरसकट पाणी घालण्याची सवय लसणाला मानवत नाही. वाफ्यात सुरुवातीचा महिना आठवड्यातून एकदा, पुढे आठ-दहा दिवसांनी एकदा पाणी पुरते. कुंडीत दर दोन-तीन दिवसांनी लागू शकते. ठरलेल्या दिवसापेक्षा मातीवर विश्वास ठेवावा. आच्छादन बाजूला सारून बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसावे. तिथे ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. जानेवारीपासून गड्डा पोसू लागतो तेव्हा मात्र माती पूर्ण कोरडी पडू देऊ नये. त्या दिवसांत एकदा कडक ताण आणि मग एकदम भरपूर पाणी असे झाले तर गड्डे तडकतात. पाणी सकाळी आणि बुडाशी द्यावे. रात्रभर पात ओली राहिली की करप्याला आमंत्रण मिळते.

खताबाबत थोडक्यात सांगता येते. लागवडीपासून साधारण एक महिना झाल्यावर आणि पुन्हा दीड महिना पूर्ण झाल्यावर प्रत्येक चौरस मीटरला दोन-तीन मुठी गांडूळखत ओळींमध्ये टाकून मातीत हलकेच मिसळावे. जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन आंबवून केलेले द्रावण) करणाऱ्यांनी ते दहापट पाण्यात मिसळून दिले तरी चालते. दोन महिन्यांनंतर नत्र देणारे कोणतेही खत, मग ते युरिया असो वा शेणस्लरी, देऊ नये. उशिरा मिळालेल्या नत्राने रोप पुन्हा पानांकडे वळते, तयार होत आलेल्या पाकळ्यांनाच कोंब फुटतात, मानेतून गवतासारखी बारीक पाने बाहेर येतात आणि असा गड्डा ना खाण्याच्या कामाचा राहतो ना साठवणीच्या. लसणाचा वास आणि तिखटपणा गंधकयुक्त पदार्थांमुळे असतो, म्हणून त्याला गंधकाची गरज इतर भाज्यांपेक्षा अधिक. लागवडीपूर्वी वाफ्यात मूठभर जिप्सम मिसळले तर ती भागते.

तण हाताने उपटावे. लसणाची पाने अरुंद आणि उभी असल्याने त्यांची सावली जमिनीवर पडत नाही आणि तण मोकाट वाढते. पहिल्या दोन महिन्यांत दोन-तीन वेळा निंदणी करावी, पण खुरपे खोल घालू नये. मुळे उथळ असतात आणि एकदा तुटली की त्या रोपाची वाढ आठवडाभर थबकते.

कीड आणि रोग

फुलकिडे हा लसणाचा मुख्य शत्रू. ते इतके बारीक असतात की पानावर दिसतात ते त्यांचे उपद्व्याप: पाने खरवडल्यासारखी पांढुरकी, चंदेरी होतात आणि टोके वळतात. संशय आला की रोपाखाली पांढरा कागद धरावा आणि पात दोन-तीनदा झटकावी. कागदावर पिवळसर रेघोट्यांसारखे सरपटणारे जीव दिसले म्हणजे ते फुलकिडे. ते पानांच्या बेचक्यात दडून बसतात, त्यामुळे फवारणी वरवर न करता बेचक्यात उतरेल अशी करावी. पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालाव्यात, सकाळी फडक्याने गाळून त्यात चिमूटभर साबणाचा चुरा मिसळावा आणि तो अर्क संध्याकाळी फवारावा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारणी करावी. निळे चिकट सापळे पातीच्या उंचीवर लावले तर कीड आल्याची वर्दी लवकर मिळते.

पाने एकमेकांना चिकटून गुंडाळलेली निघत असतील आणि त्यांच्या कडा पिवळट, ठिपकेदार असतील तर तो सूक्ष्म कोळी समजावा. तो बियाण्याबरोबर येतो आणि साठवणीतल्या गड्ड्यांतही राहतो, म्हणून असल्या रोपांचे गड्डे बियाण्याला ठेवू नयेत. पाण्यात मिसळणारे गंधक एक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात फवारले की तो आटोक्यात येतो.

ढगाळ हवा, धुके आणि अवकाळी पाऊस यांच्या पाठोपाठ करपा येतो. पानावर आधी लहान, खोलगट, पांढुरका डाग पडतो, मग त्याचा मध्य जांभळा होतो आणि तिथून पान मोडून लोंबते. असे एखाद-दुसरे पान दिसताच ते कापून बागेबाहेर टाकावे, कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नये. लागवड दाट झाली असेल तर मधली काही रोपे पातीसाठी उपटून हवा खेळती करावी. नुसती टोके पिवळी पडली म्हणून घाबरून औषध मारण्याची गरज नाही. जानेवारीअखेरीस खालची पाने पिवळी पडणे हा पिकाचा नैसर्गिक क्रम आहे.

काढणी

काढणीची वेळ ओळखण्यात नवखे लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. लवकर काढला तर पाकळ्या भरलेल्या नसतात आणि साल ओली असल्याने लसूण टिकत नाही. उशीर केला तर बाहेरचे पापुद्रे मातीतच कुजतात, गड्डा उमलतो आणि पाकळ्या सुट्या होऊन जमिनीत राहतात. खालची चार-पाच पाने वाळली, वरची तीन-चार अजून फिकट हिरवी आहेत आणि काही माना आपोआप कलंडू लागल्या आहेत, ही योग्य वेळ. ही लक्षणे दिसू लागताच पाणी तोडावे. काढणीपूर्वी दहा ते पंधरा दिवस वाफा कोरडा राहिला पाहिजे. खात्रीसाठी एक गड्डा उकरून आडवा कापावा. पाकळ्या एकमेकींपासून सुट्या दिसत असतील, प्रत्येकीभोवती स्वतःचा पापुद्रा धरला असेल आणि त्या बाहेरच्या सालीला टेकून भरल्या असतील, तर दुसऱ्या दिवशी सकाळी काढणी करावी.

रोप मान धरून ओढू नये. खुरपे किंवा लहान पहार गड्ड्यापासून चार बोटे दूर घालून माती उचलावी आणि मग रोप अलगद बाहेर घ्यावे. माती हाताने झाडावी, धुऊ नये. आपटून माती काढण्याचा मोह आवरावा, कारण आपटलेल्या जागी वरून काही दिसत नाही आणि दोन महिन्यांनी तीच पाकळी पिवळी, मऊ पडते.

काढलेला लसूण पातीसकट वाळवायचा असतो. पातीतला उरलेला रस या दिवसांत गड्ड्यात उतरतो आणि मान बंद होते. पहिले तीन-चार दिवस वाफ्यातच, एकाच्या पातीने दुसऱ्याचा गड्डा झाकला जाईल अशा ओळीत तो मांडावा, कारण मार्चचे थेट ऊन गड्ड्याला भाजते. त्यानंतर पंधरा-वीस रोपांच्या जुड्या बांधून ओसरीत, पडवीत किंवा गच्चीच्या जिन्यात, जिथे वारा खेळतो आणि पाऊस येत नाही अशा जागी दोन-तीन आठवडे टांगाव्यात. ज्यांना वेणी घालता येते त्यांनी पात थोडी लवचिक असतानाच ती घालावी. पूर्ण वाळलेली पात मोडते. मान चिमटीत दाबल्यावर कोरडी आणि कडक लागली, सालीचा कागदासारखा आवाज आला, म्हणजे वाळवण झाले. ज्यांना जुड्या ठेवायच्या नाहीत त्यांनी मान दोन बोटे ठेवून पात आणि मुळे कापावीत आणि गड्डे वेताच्या टोपलीत किंवा जाळीच्या पिशवीत ठेवावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यांना घाम सुटतो, आणि फ्रिजमधल्या थंडीने कोंब फुटतात.

एक चौरस मीटर वाफ्यातून नीट निगा केल्यास किलोभर लसूण निघतो. हा आकडा मुद्दाम देत आहे, कारण मोठ्या अपेक्षेने लावून निराश होण्यापेक्षा आपल्या कुटुंबाला वर्षाला किती लागतो याचा हिशेब करून वाफे आखलेले चांगले.

पातीसाठी लसूण

ज्यांच्याकडे थंडी नाही, जागा अपुरी आहे किंवा वेळ निघून गेली आहे, त्यांनी पातीचा लसूण लावावा. बाजूला काढलेल्या बारीक पाकळ्या आणि स्वयंपाकघरात कोंब फुटलेला लसूण याच कामी येतो. पसरट कुंडीत पाकळ्या दोन-दोन बोटांवर दाट टोकाव्यात. तीन-चार आठवड्यांत पात वीतभर होते. जमिनीपासून दोन बोटे ठेवून ती कात्रीने कापली तर पुन्हा फुटते, आणि दोन-तीन कापण्या सहज मिळतात. दर पंधरा दिवसांनी एक कुंडी लावत गेले तर हिवाळाभर ओली पात मिळत राहते. गरम बाजरीच्या भाकरीवर लोण्याबरोबर बारीक चिरलेली पात, किंवा हिरवी मिरची, शेंगदाणे आणि पात एकत्र खरडून तव्यावर केलेला ठेचा, यांसाठी तरी एक कुंडी प्रत्येक खिडकीत असावी असे मला मनापासून वाटते. या कुंडीतून गड्ड्याची अपेक्षा ठेवू नये. सारखी पात कापलेल्या रोपाजवळ गड्डा पोसण्याइतके अन्न उरत नाही.

पुढच्या वर्षाचे बी

काढणीच्या वेळीच बियाणे वेगळे काढावे. खाण्यासाठी एकदा टोपलीत गेलेला मोठा गड्डा परत मिळत नाही, हे प्रत्येक घरातले सत्य आहे. वाफ्यातली निरोगी, सरळ मानेची, सर्वांत मोठ्या गड्ड्यांची पंधरा-वीस रोपे निवडून त्यांच्या जुडीला रंगीत दोरा बांधावा आणि ती स्वतंत्र टांगावी. लसूण आपल्याकडे बी धरत नाही. पाकळीतून येणारे रोप म्हणजे त्याच रोपाचा पुढचा अवतार असतो, त्यामुळे निवडलेले गुण जसेच्या तसे पुढे येतात, आणि रोगही तसेच येतात. पाने आखडलेली, पिवळ्या रेघांची रोपे विषाणूग्रस्त असू शकतात. त्यांचे गड्डे किती मोठे दिसले तरी ते खाण्यात संपवावेत. घरचे बी चार-पाच वर्षे वापरल्यावर गड्डे लहान होत चालले आहेत असे वाटले तर नवे, खात्रीचे बियाणे आणावे.

पावसाळ्यात टांगलेल्या बियाण्याकडे महिन्यातून एकदा लक्ष द्यावे. प्रत्येक गड्डा चिमटीत दाबून पाहावा. जो हलका, पोकळ लागेल किंवा ज्यातून काळी भुकटी गळेल तो काढून टाकावा, नाहीतर शेजारचेही जातात. कोजागिरीच्या सुमारास जुडी खाली उतरवावी, एक पाकळी उभी चिरून कोंब किती पुढे आला आहे ते पाहावे, आणि दोरी घेऊन नव्या जागी वाफा आखायला घ्यावा.